साच्याची डावी फळी

६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अप्पांना वाचून दाखवायला बसले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि नवा चष्मा लावून स्वतःच वाचलं. चष्मा ह्यांनी करून दिलाय. स्वतःच्या हातानं काचा घासून, दुकान बंद झाल्यावर बसून. आता अप्पांना धक्क्यावरून बोटींची नावं वाचता येतात आणि माझ्या भाजीतला केस न् केस सापडतो. चष्म्याचा मला झालेला फायदा एवढाच.

बातमी अशी की डॉक्टरांनी अप्पांचं शिसं वितळवणं बंद केलंय. छातीत धूर जातो, आता या वयात ते नको, असं स्पष्ट सांगितलं. अप्पा दोन दिवस शेडची किल्ली खिशात घालून फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना मागच्या शेडमध्ये बोलावलं आणि पळी हातात दिली. आता ओततात हे, आणि अप्पा दाराबाहेर खुर्ची टाकून हुकूम सोडतात. पहिल्या दिवशी ह्यांच्या हातून अर्धं शिसं जमिनीवर सांडलं. पण आता बऱ्यापैकी जमतं. मासे भुलवणाऱ्या जिगचे डोळे तर हे इतके सुरेख रंगवतात की तो शिशाचा मासा आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. चष्मेवाल्याचा हात शेवटी डोळ्यांवरच बसायचा. पिसांच्या शेपट्या मात्र मीच बांधते, नेहमीप्रमाणे.

आणखी एक. अप्पांचा विचार चाललाय की जिगचा साचा ह्यांनाच द्यावा. अजून दिलेला नाही, पण बोलण्यात येतं. तुझ्या कानावर घालून ठेवते. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू वर्षभर फुरंगटून बसला असतास. फोनवर सांगितलं असतं तर मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून पत्र.

थंड पाणी पीत जाऊ नकोस. लोभ आहे, तो पत्राच्या उत्तरातून दिसू दे.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. झाला नाही.

मी पाचवीत असल्यापासून शेडच्या दारात उभा राहून बघत आलो. अप्पा गळ साच्यात बसवायचे, दोन्ही फळ्या मिटवायचे, त्या घट्ट धरायला शिकंजा आवळायचे, पळीतलं शिसं वरच्या भोकातून ओतायचे. थोड्या वेळानं फळ्या उघडल्या की आतून चमकणारा मासा निघायचा. मी एकदा, एकदाच, पळी धरू का म्हणून विचारलं, तर अंगावर खेकसले. पाय भाजून घेशील म्हणाले. आणि तुझ्या नवऱ्यानं अर्धं शिसं जमिनीवर सांडलं तरी त्यांना काही वाटलं नाही. उलट हुकूम सोडत खुर्चीत बसतात! माझ्या वाट्याला त्या खुर्चीतला एकही हुकूम आला नाही.

दाजींबद्दल माझं वाईट मत नाही. सभ्य माणूस आहे. पण त्यांना होडीत बसवलं की चेहरा हिरवा होतो, हे सगळ्या धक्क्याला माहीत आहे. लग्नाआधी त्यांना जिग म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ते शिशाच्या माशाला खेळणं म्हणाले होते, मी तिथेच होतो. आणि आता साचा त्यांना! एक चष्मा घासून दिला की घरातली वस्तू नावावर होते हे आधी कळलं असतं, तर मी अप्पांना कवळी करून दिली असती. त्यांचे दात शाबूत आहेत हा काय माझा गुन्हा आहे?

तू म्हणशील, तुझ्या गावात समुद्र नाही, तू साचा घेऊन करणार काय. खरं आहे. इथे पाणी म्हणजे नळाला येतं तेवढंच. पण वस्तू वापरण्यासाठीच हवी असते असं थोडंच आहे?

बरं, ते राहू दे. एक विनंती आहे. साचा मला थोड्या दिवसांसाठी पाठव. अॅल्युमिनियम जुनं झालंय, आतून काजळी धरलीय, आणि डाव्या फळीत ते तीन उंचवटे आहेत ना, ज्यामुळे प्रत्येक जिगच्या डाव्या गालावर खळगे पडतात, तो ओतकामातला जुना दोष आहे. अप्पांच्या काळात त्यांच्या कारखान्यात बारीक हत्यारं नव्हती, त्यांना तो काढता आला नसेल. माझ्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत दातांच्या कडा घासायची बारीक मशीनं आहेत. असा आरसा करून देतो की दाजींना त्यात भांग पाडता येईल.

अप्पांना नमस्कार सांग. दाजींनाही सांग, पण नंतर.

लोभ करतेस तो माझ्यावर जरा जास्त कर, इतरांवर थोडा कमी.

तुझा,
धाकटा


२० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं, पण उशीखालून त्यांना सापडलं. वाचून झाल्यावर भांग पाडताना आरशात जास्त वेळ बघत होते.

साचा पाठवतेय. शिकंजा इथेच ठेवलाय, त्याला घासायचं काही नाही. तू साफ करून देणार म्हणतोस असं अप्पांना सांगितलं. त्यांना केवढं बरं वाटलं ते तुला दिसलं असतं तर तू असली पत्रं लिहिली नसतीस. पाठव, त्याचाही हात लागू दे त्याला, असं म्हणाले. स्वतः जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला. उंचवट्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्या पत्रातल्या कारखान्याच्या टोमण्यानं त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून नुसतं साफ करणार एवढंच बोलले.

धक्क्यावरची स्पर्धा नोव्हेंबरच्या मध्यावर आहे, त्याआधी परत पाठव. अप्पा त्या स्पर्धेतून रिकाम्या हातानं कधी आले नाहीत, आणि या वर्षी तर शेजारच्या बोटदुरुस्तीवाल्याशी त्यांची पैज लागलीय.

माझं म्हणशील तर शाळेच्या गणवेशांचा हंगाम आहे. मशीनवरून उठते ती थेट पिसं बांधायला बसते. दोरा दातानं तोडून तोडून पुढचा दात हुळहुळायला लागलाय. तू आलास की बघ, घरचा दातवाला असून उपयोग तरी काय दुसरा.

लोभ असतोच, टपालखर्च मात्र तुझ्याकडे.

तुझी,
ताई


१ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा साचा परत पाठवतोय. तुम्हाला ओळखू येणार नाही. आधी काजळी काढली, मग दोन्ही फळ्यांना ब्रश मारला, आणि ओतकामात राहिलेला जुना दोष मुळापासून घासून टाकला. इतक्या सफाईनं की तिथे कधी काही होतं असं सांगूनही पटणार नाही. कवळीला शेवटचा हात देतो त्या पांढऱ्या पुडीनं चकाकी दिली. आमचे डॉक्टर सहसा कौतुक करत नाहीत, पण त्यांनीही हातात घेऊन बघितला आणि हा मासा कुणाच्या जबड्यात बसवायचाय म्हणून विचारलं.

आता जिग आरशासारखी निघेल. तुम्ही इतकी वर्षं तो दोष चालवून घेतलात, आता निर्दोष मासे वापरा. सांगायला हवं असं नाही, पण डोळे कुणालाही रंगवता येतात. साच्याच्या आत हात घालायला वेगळी नजर लागते.

स्पर्धा जिंकल्यावर बोटदुरुस्तीवाल्याचा चेहरा कसा झाला ते कळवा. डॉक्टरांचं ऐका, शेडमध्ये जाऊ नका.

आपल्या आशीर्वादाची आणि, मिळाली तर, शाबासकीची वाट बघणारा,
आपला धाकटा


१८ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे आज लिहीत नाही. राग आलाय आणि तो तसाच लिहिणार आहे.

साचा आला त्या दिवशी अप्पांनी शेडच्या बाहेरूनच त्याची चकाकी बघितली. आत जायची बंदी, त्यामुळे हातात घेतला नाही. पण तुझं पत्र त्यांनी खिशात ठेवलं आणि बोटदुरुस्तीवाल्यासमोर, चहावाल्यासमोर, कुणासमोर म्हणून काढायचं बाकी ठेवलं नाही. आणि मग ह्यांना म्हणाले, आता सगळ्या जुन्या जिगा वितळवून टाक, पोरानं साचा नवा केलाय, सगळ्या नव्या करू. डबाभर जिगा होत्या. ह्यांनी सगळ्या पळीत घातल्या आणि नव्या ओतल्या. मी रात्रंदिवस शेपट्या बांधल्या, गालाकडे बघायला फुरसत नव्हती.

स्पर्धेच्या सकाळी मी डबा घेऊन सोबत गेले होते. अप्पांनी पहिली जिग दोरीला बांधली आणि फेकायच्या आधी नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या गालावरून अंगठा फिरवला. अंगठा फिरला आणि थांबला. पुन्हा फिरवला. मग डब्यातली दुसरी घेतली, तिसरी घेतली. चष्मा काढून पुसला. मी काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाले, आणि फेकली.

दिवसभरात एक मासा लागला नाही, धाकट्या. शेजारी बोटदुरुस्तीवाला बांगडे काढत होता. अप्पांची जिग सरळ खाली जात होती, दगड टाकावा तशी. जुनी जिग पडताना कुशीवर वळायची, एका अंगानं हलकी होती ना ती. जखमी मासा बुडतो तशी डगमगत जायची, म्हणून मोठे मासे धावायचे. तो तुझा दोष. तोच घासलास तू.

आणि तो दोष कुठून आला ते ऐक. मला आईनं सांगितलं होतं. तू दीड वर्षाचा होतास, दात शिवशिवत होते, दिसेल ते चावत सुटला होतास. अप्पांनी महिनाभर रोज संध्याकाळी बसून मेणाचा मासा कोरला होता, त्यावरून साचा ओतायचा होता. तो तू पलंगावरून उचललास आणि चावलास. डाव्या गालावर तुझे तीन दुधाचे दात उमटले. आई म्हणाली, अप्पांनी हात उगारला होता. मग मासा बघितला, तुला बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच कारखान्यात घेऊन गेले. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक जिगवर तुझे दात होते. आजवर प्रत्येक फेकीआधी अप्पांनी ज्यावरून अंगठा फिरवला ते तुझे दात होते.

अरे, दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवतोस, आणि स्वतःचे ओळखता आले नाहीत तुला?

मला वाटायचं तुला ठाऊक आहे. अप्पांनाही तसंच वाटायचं. आईनं सांगितलं असेल असं प्रत्येकानं धरून चाललं. तू उंचवट्यांचं लिहिलंस तेव्हाही मला वाटलं, मुद्दाम खोचकपणे लिहितोयस, खरंच थोडाच हात लावणार आहेस. पुढे अप्पांच्या पत्रात 'जुना दोष' लिहिलास, तो आम्ही काजळीचा डाग समजलो.

आता बोललेच आहे तर सगळंच बोलते. तुला साच्याचा हेवा, ह्यांना तुझा हेवा, हे मला कळत नाही असं समजू नका. पण हेवा वाटायचा खरा हक्क माझा आहे. मी परकर नेसत होते तेव्हापासून शेपट्या बांधतेय. अप्पांची एक जिग माझ्या दोऱ्याशिवाय पाण्यात गेलेली नाही. साचा मुलाला द्यावा की जावयाला, यावर घरात एवढा विचार झाला. मला द्यावा असं एकाच्याही तोंडून आलं नाही. तुझ्याही नाही, लाडक्या भावा. माझेही दात झिजलेत त्या जिगांवर. फक्त त्यांचे खळगे पडले नाहीत.

अप्पा तुला काही लिहिणार नाहीत. रागावलेले नाहीत, हेच वाईट आहे. खुर्ची आत घेतलीय त्यांनी.

ताई


२३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावर उघडलं, तिथेच वाचलं, आणि त्या दिवशी मला पुढचं काम झालं नाही. डॉक्टरांना पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

तीन खळगे. दोन शेजारी आणि एक जरा खाली. मी ते डोळ्यांसमोर आणले आणि लगेच कळलं. वरचे दोन आणि बाजूचा एक, दीड वर्षाच्या मुलाचे. कुणाही रुग्णाचा असा ठसा माझ्यासमोर ठेवला असता तर वय सांगितलं असतं. इतकी वर्षं त्या माशांकडे मी हावरटासारखा बघत आलो, आणि बघितलं काही नाही.

मला वाटायचं अप्पांच्या त्या शेडमध्ये माझं काहीच नाही. आता कळतंय की माझं तिथे जे होतं, ते मीच मशीननं घासून टाकलं आणि वर शाबासकी मागितली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तुझ्याबद्दल लिहिलंस तेही खरं आहे. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. माफी मागतो, आणि ती तू लगेच देऊ नयेस हेच बरं.

एक विचारतो. एखादी जुनी जिग कुठे राहिलीय का? तुटकी चालेल, रंग उडालेली चालेल. फक्त डावा गाल शाबूत हवा. कपाटामागे बघ, अप्पांच्या जुन्या कोटाच्या खिशात बघ. मिळाली तर मी डावी फळी नवी करू शकतो. नाही मिळाली तर काय करायचं मला माहीत नाही. माझे आत्ताचे दात चालणार नाहीत, ते फार मोठे झाले.

लोभ मागायची हिंमत नाही, उत्तर तेवढं दे.

धाकटा


२९ नोव्हेंबर

श्री. धाकट्या मेहुण्यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या ताईनं सगळं घर उलटंपालटं केलं. जुनी जिग सापडली नाही. सापडणार नव्हती, कारण ती माझ्या दुकानात होती, चष्म्याच्या घडीच्या डबीत. या पार्सलात तीच डबी आहे. जपून उघडा.

आता का ते लिहितो.

साचा आला, मी फळ्या उघडल्या, आणि डावीकडचे उंचवटे नाहीत हे मला तिथल्या तिथे दिसलं. मला त्यांची हकिकत माहीत होती. अप्पांनीच सांगितली होती, ओतायला शिकवत होते तेव्हा. इतर बाबतींत ते दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, पण तुमच्या दातांची गोष्ट त्यांनी मला किती वेळा ऐकवली याचा हिशेब नाही. शिकत होतो तेव्हा मी ओतलेली प्रत्येक जिग ते हातात घ्यायचे. मी डोळे किती बारकाईनं रंगवलेत हे कधी बघायचे नाहीत. अंगठा थेट डाव्या गालावर. मी त्यांचा चष्मा केला, मी धूर खाल्ला, पाऊल भाजून घेतलं, आणि मासा निघाला की गाल तुमचा. माझा जळफळाट व्हायचा. घरी जेवण जायचं नाही.

त्यामुळे उंचवटे गेलेले बघून मी लगेच अप्पांना हाक मारायला हवी होती. ते दाराबाहेर पाच पावलांवर बसले होते. मी हाक मारली नाही. बरं वाटलं मला. लाज वाटते लिहायला, पण खरंच बरं वाटलं. मनात आलं की आता पुढचा मासा निदान कुणाचाच नसेल. अप्पांनी जुन्या वितळवायला सांगितल्या तेव्हाही गप्प राहिलो. एकेक जिग पळीत टाकत गेलो. शेवटची हातात आली, ती मी ओतलेली पहिली होती, एक डोळा वाकडा रंगवलेली. तिच्या गालावरून माझाच अंगठा फिरला आणि ती खिशात गेली. का ठेवली ते त्या वेळी मला कळलं नाही.

धक्क्यावर अप्पा तो अंगठा फिरवून थांबले, ते मी बघितलं. मी माणसांच्या मागे सरकलो.

तुमच्या ताईला मी हे सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या हातात आयतं कोलीत दिलंय, याची मला कल्पना आहे.

लोभ आपल्यात फारसा कधी नव्हता. सुरू करायला हरकत नसावी.

आपला,
चष्मेवाला


१५ डिसेंबर

तीर्थरूप अप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

सोबत डावी फळी पाठवतोय. नवी आहे. उजवी तुमच्याकडची जुनीच चालेल, खुंट्या भोकांत नीट बसतात का ते बघून घ्या.

एक जुनी जिग मिळाली. कुठे मिळाली ते महत्त्वाचं नाही, घरातच होती. रुग्णाच्या जबड्याचा घेतो तसा तिच्या डाव्या गालाचा ठसा घेतला, त्यावरून मेणाची फळी केली, आणि मेणावरून धातूत ओतली. ओतताना पळी माझ्याच हातात होती, अप्पा. पाय भाजला नाही. तुम्ही तेव्हा का खेकसलात ते त्या वेळी कळलं, तापलेला धातू अगदी माझ्या चपलेशेजारी पडला.

मेण हातात होतं तेव्हा त्यातले तीन दात मी बराच वेळ बघत बसलो. असा मासा तुम्ही टाकून दिला असतात तरी कुणी काही म्हटलं नसतं. महिनाभराचं काम होतं. तुम्ही तो तसाच ओतलात, आणि मी म्हणत होतो की तुम्ही मला कधी काही दिलं नाहीत.

साचा दाजींना द्या. त्यांचा हात स्थिर आहे आणि ते तुमच्याजवळ आहेत. हे लिहिताना पोटात दुखतंय, पण लिहितोय. जुनी जिग त्यांचीच आहे, तीही परत पाठवतोय. ताईला मात्र विचारा. तिला कुणीच विचारलेलं नाही.

खुर्ची बाहेर काढा, एवढं मागणं आहे.

आपला,
धाकटा


२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. थोडक्यात लिहितो.

फळी मिळाली. खुंट्या बसल्या. जावयानं ओतली, ताईनं शेपटी बांधली. काल धक्क्यावर गेलो. कुशीवर वळून बुडते. दुसऱ्याच फेकीत मोठा लागला, बोटदुरुस्तीवाल्यालाच जाळी धरायला बोलावलं.

एक चूक झालीय तुझी. खालचा तिसरा दात तू सरळ केलास. तुझा तो दात वाकडा होता, बाहेरच्या अंगाला. अंगठ्याला लगेच कळलं. ठसा बरोबर आला असणार, नंतर सवयीनं हात फिरवला असशील. मी कानशीनं थोडा वाकडा करून घेतला. तुझं काम चांगलं आहे. पण दिसेल तो दात सरळ करत सुटू नकोस.

जुनी जिग जावयाकडे कशी राहिली ते मी विचारलं नाही. राहिली हे बरं झालं. त्यानंही तुझ्यासारखं पत्र लिहिलं होतं, साचा मेहुण्यांना द्या म्हणून. एकाच घरात राहून पत्र लिहितो, मी वाचून उशाखाली ठेवलं.

तेव्हा असं ठरवलंय. उजवी फळी, जुनी, जावयाकडे राहील. डावी तुझ्याकडे, ती याच पार्सलात आहे. एकट्याच्या फळीत काही ओतता येत नाही. ज्याला जिग हवी त्यानं दुसऱ्याला बोलवायचं.

दोन फळ्या नुसत्या समोरासमोर धरल्या तरी शिसं मधून गळतं आणि पायावर येतं. शिकंजा लागतो. तो तुझ्या ताईला दिला. तिनं कधी मागितला नव्हता, म्हणून द्यायचं माझ्या लक्षात आलं नाही. ती आत जाऊन बराच वेळ मशीन चालवत बसली. मशीनमध्ये कापड नव्हतं.

खुर्ची बाहेर आहे.

अप्पा


८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फळी मिळाली. कामाच्या टेबलावर ठेवलीय. येणारा जाणारा हे काय आहे म्हणून विचारतो आणि मी सांगतो माझे दात आहेत. तिसऱ्यावर अप्पांच्या कानशीचा चरा आहे, त्यावरून माझाही अंगठा फिरायला लागलाय.

मी सगळं नीट उलगडून बघितलं. दाजींच्या फळीशिवाय माझी निरुपयोगी, माझ्या फळीशिवाय त्यांची निरुपयोगी, आणि तुझ्या शिकंज्याशिवाय आम्ही दोघंही. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा तुला मिळाला. तुझा हक्क आहे, मान्य आहे. तरी पोटात जरा दुखलंच. सवय जाता जाता जाईल.

पुढच्या महिन्यात रजा काढलीय. फळी टपालानं पाठवत नाही, स्वतःच घेऊन येतो. टपालावर माझा भरवसा नाही, आणि दाजींना सांग, त्यांच्यावरही अजून पुरता बसलेला नाही. त्यांचं एक पत्र माझ्याकडे आहे. ते मी फाडून टाकलं असं त्यांना सांग. त्यात काय होतं ते विचारू नकोस, चष्म्याच्या नंबरबद्दल होतं.

पिसं काढून ठेव, दोरा मी आणतो. आणि या वेळी तोडायला कात्री वापर. तुझ्या पुढच्या दाताचा ठसा मी आल्या आल्या घेणार आहे.

शिकंजा आवळताना हात जरा हलका ठेवावा, एवढा लोभ असू द्यावा.

तुझा,
धाकटा